फासे, गोष्ट आणि आम्ही दोघं

मंडळाने आम्हा दोघांना एकत्र बोलायला सांगितलं, म्हणून आज ‘आम्ही’ म्हणूनच बोलतो. विषय आहे, जोडीने खेळायचा गोष्टीचा खेळ.

नवरा-बायकोने फासे टाकणं आपल्याला नवं नाही. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. पण सारीपाटात एकाला हरावं लागतं. आमच्या खेळात जोडी एकाच बाजूला असते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, त्याच जातीचा हा प्रकार. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला आम्ही आपल्या नाटकातला शब्द वापरून सूत्रधार म्हणतो. दुसरा गोष्टीतलं पात्र होतो आणि आपण काय करणार ते सांगतो. ते जमलं की नाही, हे २० बाजूंचा फासा ठरवतो. काम अवघड असेल तर १५ किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे विसात सहाच वेळा जमणार.

आमच्या गोष्टीत ड्रॅगन नाहीत. अहिल्याबाईंच्या काळातलं महेश्वर आहे, आणि नर्मदेपलीकडून दरबारात अर्ज घेऊन निघालेली एक विणकरीण आहे. एका रात्री नदीला पूर आला. नाव एकच. स्वतः पार व्हायचं, की काठावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना आधी जाऊ द्यायचं? सूत्रधाराला वाटलं, ती अर्जच निवडेल. तिने नाव सोडली आणि काठावर थांबली. ‘का?’ यावर आम्ही रात्री दीडपर्यंत बोलत बसलो.

त्या दिवसांत घरातही असाच प्रश्न होता. मुलगा पुण्याला बोलावत होता आणि आईंना इंदूर सोडवत नव्हतं. महिनाभर आमच्यात सरळ निघत नसलेला विषय विणकरणीच्या तोंडून निघाला. आम्ही इंदुरातच राहिलो.

जोडीने खेळणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. सूत्रधाराने घरच्या माणसाला झुकतं माप देऊ नये. सहा पडले तर सहाच. चौघांत खेळताना तर मुळीच नाही, इतरांच्या ते लगेच लक्षात येतं. कोणते विषय नकोत, ते बसण्याआधीच बोलून घ्यावं. पात्राच्या आडून टोमणे मारू नयेत. मनातलं सांगणं वेगळं आणि टोमणा वेगळा. आणि सूत्रधारपण आलटून पालटून घ्यावं, नाहीतर एक जण सांगतच राहतो आणि दुसरा ऐकतच राहतो. संसारात ते आधीच पुष्कळ होतं.

सामान काय लागतं? फासा, वही, पेन्सिल आणि दोन तास. विसर्जनानंतर घर सुनं वाटतं, तेव्हा एकदा बसून पाहा.

गणपती बाप्पा मोरया!