श्रमातून संस्कृतिपरिचय



येथे विकासनगरात भाजीच्या हातगाडीवर घुइयाँ या नावाने जो कंद विकला जातो, त्याच वनस्पतीला महाराष्ट्रात अळू म्हणतात. तेथे कंदापेक्षा पानांचा मान अधिक. लग्नाच्या पंगतीत अळूची भाजी हवीच. हीच वनस्पती पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर 'कालो' या नावाने ओळखली जाते. तिचा उकडलेला कंद कुटून केलेली 'पोई' हे तेथील लोकांचे शतकानुशतकांचे अन्न होय. हवाईची पुराणकथा सांगते की, आकाशपिता वाकेआ याचे पहिले मूल मृतावस्थेत जन्मले; ते जेथे पुरले तेथून कालोचे रोप उगवले. नंतर जन्मलेला दुसरा पुत्र हा मानवाचा पूर्वज ठरला. म्हणून कालो हा थोरला भाऊ. थोरल्याने धाकट्याला पोसावे आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखावी, असे हे नाते आहे.

ही कथा पुस्तकातून पाच मिनिटांत वाचून होते. तिचा अर्थ कळण्यास मात्र दुसरीच पाठशाळा लागते. होनोलुलूच्या मानोआ खोऱ्यातील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना 1980 साली ओढ्याजवळ झाडीत बुजलेला एक जुना पाट आढळला. त्यांनी तो मोकळा केला, पाणी वळवले आणि कानेवाई येथे कालोची खाचरे पुन्हा उभी केली. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्या चिखलात उतरल्या. मूळ कंदाभोवती फुटणाऱ्या कोंबांना हवाई भाषेत 'ओहा' म्हणतात, आणि कुटुंबाला 'ओहाना'. कोंब हातात धरून वेगळा करणाऱ्यास या शब्दांचे नाते समजावून सांगावे लागत नाही.

या शिक्षणाची कसोटीही लागली. कालोच्या तीन नव्या वाणांवर विद्यापीठाने 2002 साली एकस्व मिळवले होते. थोरल्या भावावर मालकी कोण सांगणार, असा प्रश्न शेतकरी व विद्यार्थ्यांनी उभा केला, आणि 2006 साली विद्यापीठाने ती एकस्वे सोडून दिली.

कोणी म्हणेल, हवाईच्या तरुणांना स्वतःचीच हरवलेली संस्कृती शोधायची होती. पण जे लोक अगदी शेजारी राहूनही समाजाने दूर लोटले, त्यांचे जीवन कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात मिळते. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसमवेत आनंदवन वसवले; 1951 साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रुग्णांनी त्या खडकातून भाजीपाला पिकवला, परंतु तो विकत घेण्यास आरंभी गावातील लोक धजत नसत. पुढे परदेशातून आलेले स्वयंसेवक तेथे राहिले, बांधकामास लागले आणि तेथलेच अन्न जेवले. ते पाहून लोकांची भीती ओसरू लागली. व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते एका पंगतीने साधले.

मूल तालुक्यातील सोमनाथ येथे 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस याच विचाराचा विस्तार झाला. जंगलालगतच्या जमिनीवर रोगमुक्त झालेल्या माणसांनी भातशेती उभी केली, आणि मे महिन्यात तेथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. विदर्भाचा मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्यास या निवडीचे मर्म कळेल. पहाटे उठून कुदळ-फावडे घ्यावयाचे, उन्हे चढण्यापूर्वी खोदकाम करावयाचे आणि उरलेला दिवस चर्चेत व गाण्यांत घालवावयाचा, असा तेथील क्रम असतो.

शहरातील विद्यार्थ्याच्या तळहाताला कुदळ धरताच फोड येतात आणि ते दुखतात. कुष्ठरोगाने ज्याच्या हातातील मज्जातंतू निकामी झाले आहेत, त्याला मात्र फोड आल्याचेही कळत नाही. बोटे रोगाने झडून जातात, हा समज खोटा असून बधिर हाताला नकळत होणाऱ्या जखमांनी ती झिजतात, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. म्हणून असा शेतकरी काम आटोपल्यावर आपले तळहात नीट निरखून पाहतो. वेदनेचे काम त्याला डोळ्यांकडून करून घ्यावे लागते. स्वतःच्या हाताची आग होत असताना हे ज्याने समजून घेतले, तो कुष्ठरोगाविषयी पुन्हा अज्ञानाने बोलणार नाही. शिवाय तेथे त्याला कामाची रीत शिकवणारा, त्याच्यापेक्षा सरस माती ओढणारा, हाच 'रुग्ण' असतो. दयेचा अहंकार गळून पडण्यास याहून चांगला प्रसंग कोणता?

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य कराव्यात. आठ दिवसांच्या श्रमाने कोणी शेतकरी होत नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि महाविद्यालयीन तरुण शिबिरांसाठी खेड्यांत जाऊ लागले. मात्र काय खणावयाचे हे महाविद्यालयाने ठरवावे आणि गावाने बांधावर उभे राहून नुसते पाहावे, असे जेथे घडते, तेथे शिबिर संपताच दोन्ही पक्ष पूर्वीइतकेच अपरिचित राहतात. घाम गाळला म्हणजे परिचय झाला, असे नव्हे.

कानेवाईच्या खाचरात आणि सोमनाथच्या शेतात एक गोष्ट समान आहे. तेथे येणारा तरुण उपकारकर्ता म्हणून येत नाही. तो शिकाऊ म्हणून येतो. जमीन ज्यांची, पीक ज्यांचे, त्यांच्या सांगण्यावरून तो काम करतो आणि त्यांच्याच पंगतीला बसतो. लखनौच्या आसपासच्या गावांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीही एवढेच पथ्य पाळावे. पहिल्या दिवशी हाती फावडे घेण्याआधी गावातील जाणत्या शेतकऱ्याला विचारावे, काय काम करू आणि कसे करू? त्याचे उत्तर नीट ऐकून घेणे हा त्या शिबिराचा पहिला धडा होय.