पोरीला पुण्यात नोकरी लागली, पुढे काय?

आज कापसाचा भाव नाही, केळीचा करपा नाही. आज आम्ही कंपनीच्या नोकरीवर बोलणार आहोत. कंपनी म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतली चटईची किंवा पाइपची नव्हे, कॉम्प्युटरची.

आमच्या गटांतल्या बऱ्याच घरांत आता ही गोष्ट आली आहे. कोणाची लेक बांभोरीला शिकली, कोणाची शिरपूरला, कोणाची धुळ्याला. कोणी पॉलिटेक्निक केलं, कोणी बीसीए. २०२४ पासून सरकारनं मुलींची फी माफ केली. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी भरावी लागत नाही. त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत अशा मुली आणखी वाढणार. पोरी शिकतात, पण आयांना त्या नोकरीतलं काही कळत नाही. आम्ही एका ताईला विचारलं, लेक काय काम करते? ती म्हणाली, "एसीत बसते." आम्ही सगळ्या हसलो. पण दुसरीला विचारलं असतं, तर तिनंही फार वेगळं सांगितलं नसतं.

तर आधी काम काय असतं ते. आपण किराणा दुकानात मोबाइलवरून पैसे देतो, तलाठ्याकडे न जाता सातबारा काढतो, एसटीचं तिकीट घरी बसून घेतो. हे सगळं चालायला मागे कोणीतरी कॉम्प्युटरच्या भाषेत सूचना लिहून ठेवलेल्या असतात. त्या लिहिणं हे एक काम. लिहिलेलं बरोबर चालतं का ते तपासणं हे दुसरं. त्याला टेस्टिंग म्हणतात. चालू असलेलं बंद पडलं की दुरुस्त करणं हे तिसरं, त्याला सपोर्ट म्हणतात, आणि हे काम रात्रीचंही असतं, कारण गिऱ्हाईक अमेरिकेत असतं. आपली रात्र तो त्यांचा दिवस. म्हणून पोरगी रात्री दोनला जागी असली तर लगेच शंका घेऊ नका.

आता खरं सांगायचं तर जळगाव-धुळ्यात ही कामं थोडी. लहान लहान ऑफिसं आहेत, पगार कमी. मोठ्या नोकरीसाठी पुणं, नाशिक, मुंबई किंवा बंगळूर. आमच्या बहुतेक मुली पुण्यात हिंजवडीला किंवा त्याच्या आसपास आहेत.

नोकरी मिळते कशी? चांगला रस्ता कॉलेजातूनच जातो. शेवटच्या वर्षाला कंपन्या निवड करायला येतात, किंवा दोन-चार कॉलेजं मिळून एका ठिकाणी परीक्षा ठेवतात. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा: गणित, इंग्रजी, तर्काचे प्रश्न. मग मुलाखत. टीसीएससारखी कंपनी स्वतःची देशभराची परीक्षा घेते. विप्रो बीसीए, बीएस्सी झालेल्या मुलांना घेऊन नोकरी करता करता पुढचं शिक्षणही देते. म्हणजे इंजिनियर नसलेल्या मुलीलाही दार बंद नाही. कॉलेजात प्लेसमेंटचे एक सर किंवा मॅडम असतात. पोरीला सांगा, शेवटच्या वर्षाची वाट न बघता दुसऱ्या वर्षापासूनच त्यांना भेटत राहा.

मुलाखतीत मराठी माध्यमाची पोर अडते ती पहिल्याच प्रश्नाला. "स्वतःबद्दल सांगा," असं इंग्रजीतून विचारतात. पोरगी वडिलांचं नाव, गाव सांगते आणि गप्प होते. आमच्या गटातल्या एकीच्या लेकीला आम्ही विचारलं, तू आमच्या गटाचं रजिस्टर लिहितेस ना? वीस बायांची बचत, कर्ज, व्याज, थकबाकी, सगळं तू कॉम्प्युटरवर मांडलंस. ते सांग की. तिला वाटत होतं, हे काय सांगायचं काम आहे! पण तिनं ते अर्जात लिहिलं, आणि मुलाखतीत पाच-सात मिनिटं त्यावरच बोलणं झालं. हप्ता चुकला तर व्याज कसं धरतेस, एखादी बाई मधेच गट सोडून गेली तर काय करतेस, असं विचारलं. तिला सगळं येत होतं, कारण ते तिनं केलेलं होतं. इंग्रजी मोडकं होतं, चाललं. म्हणून आता आम्ही महिन्याच्या बैठकीत अर्धा तास पोरींना समोर बसवतो आणि प्रश्न विचारतो. आम्ही मराठीतून विचारतो, त्या इंग्रजीतून उत्तर देतात. आम्हाला अर्धं कळत नाही. पण चार माणसांसमोर तोंड उघडायची सवय तर होते.

पत्र हातात आलं की पेढे वाटतात. वाटा. पण पत्र म्हणजे अजून नोकरी नव्हे. इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीनं २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना दोन वर्षं कामावर बोलावलं नव्हतं. पुण्यातल्या आयटी कामगारांच्या नाइट्स या संघटनेनं केंद्र सरकारकडे तक्रार केली, शेवटी २०२४ मध्ये मुलं रुजू झाली. त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत प्रशिक्षणाच्या परीक्षेत पास झाले नाहीत म्हणून तीनशेवर मुलांना घरी पाठवलं. त्याच वर्षी टीसीएसनं सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. पोरींना घाबरवायला हे सांगत नाही. सांगतो ते आयांसाठी: पत्र आलं म्हणून लगेच घरावर कर्ज काढू नका, आणि बोलावणं येईपर्यंत पोरीनं शिकणं आणि दुसरीकडे अर्ज करणं थांबवू नये. आणि नोकरी गेली तर पोरगी नापास झाली असं गावभर सांगू नका.

आता पैशाचं बोलू, कारण इथंच घराघरात भांडणं होतात. पत्रात लिहिलेलं असतं, वर्षाला ३ लाख ६० हजार. बाप हिशोब करतो, महिन्याला तीस हजार. आणि पहिल्या महिन्यात तेवीस हजारच येतात. मग पोरीवर संशय: बाकीचे सात हजार कुठे उडवले? अहो, उडवले नाहीत. समजा मूळ पगार पंधरा हजार आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के, म्हणजे १८०० रुपये कापले जातात. कंपनीनंही १८०० घालायचे असतात, पण बऱ्याच कंपन्या ते त्या तीस हजारांतच धरतात. ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास त्यातच. शिवाय वर्षाच्या शेवटी काम बघून देऊ, असे तीस हजार ठेवलेले असतात, म्हणजे महिन्याला अडीच हजार. विम्याचे थोडे. बेरीज करा, सातेक हजार झाले. यातले निधीचे ३६०० पोरीच्याच नावावर जमतात. त्यासाठी तिला एक बारा आकडी नंबर मिळतो, यूएएन. कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. तो घरी वहीत लिहून ठेवा. आणि एक: महाराष्ट्रात महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. तरी कापला असेल तर तिनं विचारावं.

त्या तेवीस हजारांत पुणं कसं चालतं? कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत तीन-चार मुली, जेवण धरून आमच्या मुलींचे आठ ते दहा हजार जातात. सुरुवातीला अनामत द्यावी लागते. येणं-जाणं, मोबाइल, कपडे वेगळे. आणि पगार महिना भरल्यावर येतो! म्हणजे पहिले दीड-दोन महिने घरूनच. सगळे धरून पंचवीस-तीस हजार हाताशी लागतात, आणि ते नाहीत म्हणून एका घरानं पोरीला पाठवायचंच नाही असं ठरवलं होतं.

यावर आमच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. गटाचं अंतर्गत कर्ज म्हशीला देतो, बियाण्याला देतो, दवाखान्याला देतो. पोरीच्या पुण्यातल्या खोलीला द्यायचं का? काही जणी म्हणाल्या, हे उत्पन्नाचं कर्ज नाही. तेव्हा आमच्यातली सगळ्यात वयस्कर आत्या म्हणाली, "म्हैस आटली तर हप्ता थांबतो ना? मग पोरीचंच काय विचारता?" ठराव झाला. आता पहिल्या नोकरीसाठी तीस हजारांपर्यंत कर्ज देतो, तिसऱ्या महिन्यापासून हप्ता. हप्ता पोरगी स्वतः पाठवते, आईच्या नावानं. आमच्या मते हे बरोबर आहे. तिचा पहिला व्यवहार सावकाराशी न होता आपल्या माणसांशी होतो.

आता फसवणूक. आमच्या शेजारच्या गटातल्या एका मुलीला फोन आला, पुण्यात नोकरी पक्की, नोंदणी आणि लॅपटॉपची अनामत म्हणून अठरा हजार भरा. परीक्षा नाही, समोरासमोर मुलाखत नाही, मोबाइलवर पत्र. आईनं कानातले गहाण ठेवून पैसे भरले. रुजू व्हायच्या तारखेला दोघी पुण्यात गेल्या, तर त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. बायांनो, खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. एक रुपयाही नाही. पत्र कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवरून येतं, साध्या जीमेलवरून नाही. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० हा नंबर लावा, सायबर फसवणुकीसाठी देशभर तोच आहे. जितक्या लवकर फोन, तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवण्याची आशा जास्त.

मुलांच्या आयांनीही ऐका. थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी, राहणं-खाणं फुकट, मोठा पगार, अशा जाहिराती येतात. अशा नोकऱ्यांच्या नावाखाली आपल्या देशातली शिकलेली मुलं नेऊन म्यानमारच्या जंगलातल्या अड्ड्यांवर कोंडली गेली, आणि त्यांच्याकडून लोकांना फोनवर लुबाडण्याचं काम जबरदस्तीनं करून घेतलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ च्या सप्टेंबरमध्येच याबद्दल सावध केलं होतं. परदेशी पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं.

काही लहान कंपन्या मूळ मार्कशीट ठेवून घेतात किंवा दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. मूळ कागद दाखवायचे, ठेवायचे नाहीत. बाँडवर सही करायच्या आधी तो वाचायचा. वाचून कळला नाही तर जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

कागदांवरून आठवलं. आमच्या मुलींना सगळ्यात जास्त त्रास नावाचा झाला. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पॅनवर वडिलांचं नाव अर्धंच, बँकेत आडनाव आधी. कंपनी रुजू झाल्यावर सगळे कागद जुळवून बघते, आणि जुळलं नाही की पोरीला धावपळ. दहावीच्या सर्टिफिकेटावर जे नाव आहे तेच सगळीकडे करून घ्या, आणि शेवटच्या वर्षाच्या आधीच करा. पदवीच्या सर्टिफिकेटावर तर आपल्या विद्यापीठाचं नाव येतं, कवयित्री बहिणाबाई चौधरींचं. आसोद्याची माय, स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि २०१८ पासून साऱ्या खान्देशच्या पोरांच्या पदवीवर तिचं नाव आहे. आम्हाला हे फार आवडतं.

रुजू झाल्यावर सुरुवातीचे महिने प्रशिक्षण असतं. कधी कधी पगार सुरू होतो पण काम मिळत नाही, त्याला तिथं बेंचवर बसणं म्हणतात. पोरगी रडत फोन करते, मला काहीच काम देत नाहीत. तेव्हा "मग ये घरी" असं म्हणू नका. तो वेळ शिकायचा असतो, आणि वरच्या माणसाला स्वतःहून काम मागायचा असतो.

रात्रपाळीचं विचारून घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षितता व घराच्या दारापर्यंत गाडी कंपनीनं द्यावी लागते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असावीच लागते, तो कायदा २०१३ चा. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. पोरीला हे जायच्या आधी सांगा. आईनं सांगितलेलं असलं की असं काही घडल्यावर ती पहिला फोन आईला करते. नाहीतर कोणालाच करत नाही.

आणि स्थळं येतात. आधी विचारतात पगार किती, मग म्हणतात लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. नोकरीचं बोलणं सुपारी फुटायच्या आधी, चार माणसांत, पोरीला बसवून करा.

शेवटी रजेचं. नवीन माणसाला रजा थोड्या असतात. प्रत्येक हळदीला, साखरपुड्याला तिला बोलावू नका, नाहीतर आखाजीला तिच्याकडे एकही रजा उरणार नाही, आणि झोका रिकामा राहील. रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी काढता येतं. आखाजी कधी आहे ते कॅलेंडरात आजच बघा आणि तिला आत्ताच कळवा, म्हणजे ती रजेचा अर्ज टाकून ठेवेल.