लहान मुलांसाठी लाह

सातपुड्यातल्या पाड्यावर कुणाचे घर उभे करायचे असले, की 'लाह' बोलावतात. कुणी लाकूड उचलतो, कुणी कूड बांधतो, कुणी कौले चढवतो. घरधनी सर्वांना जेवू घालतो. मजुरी कुणी मागत नाही. उद्या आपल्याही घराला हेच हात लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. आज मला बोलायचे आहे ते अशाच एका लाहेविषयी. ती पैशाची आहे आणि लहान मुलांसाठी आहे.

आपल्याकडे दान होते, पण सुटे सुटे. एक न्यास खाऊ वाटतो, दुसरा खेळणी देतो, तिसरा औषधांची पेटी. मूल मात्र असे तुकड्यातुकड्यांनी वाढत नाही. भुकेले मूल खेळात रमत नाही, आणि तापाने फणफणलेल्याच्या अंगी खाऊ लागत नाही.

हे ताराबाई मोडकांनी केव्हाच ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आहार, लस, तपासणी आणि शालापूर्व शिक्षण अशी कामे एका छपराखाली आली.

मग उणे कुठे राहिले? आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच पाहा. दिवाळी सरली, की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अंगणवाडी राहते पाड्यावर आणि मूल पोचते उसाच्या फडावर! आईबाप तोडीत गुंतलेले, तान्हे झोळीत, आणि राखणीला जेमतेम सहा-सात वर्षांची बहीण. जवळच उघडी विहीर, पेटती चूल, उसाने लादलेली वाहने. अशा ठिकाणी संगोपन आणि सुरक्षितता हे दोन प्रश्न उरतात का? नाही. तो एकच प्रश्न आहे.

यासाठी फडावर पाळणाघर हवे. जागा, सांभाळणारी बाई, आहार, औषध हे सारे एका लहान न्यासाला झेपणारे नाही. चौघांनी मिळून केले तर झेपेल. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला लावायला सांगितले आहे. २०१४ च्या नियमांनी अनेक कंपन्यांना एकच काम मिळून करण्याची मुभा दिली. प्रत्येकीने आपला हिशेब वेगळा दाखवावा, एवढेच.

मात्र लाहेची रीत विसरू नये. हात सर्वांचे असले, तरी घर कसे हवे ते घरधनीच सांगतो. तेव्हा पैसा देणाऱ्यांनी आधी ग्रामसभेला विचारावे आणि हिशेबही तिच्यापुढेच वाचावा. मदत एका हंगामापुरती नको. आज झोळीत असलेले मूल शाळेत जाईपर्यंत ती पुरली पाहिजे.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, तुमच्याकडे एक लहानसे काम आहे. स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही शिक्षण हमी पत्रक देताच. त्याच वेळी त्याच्या धाकट्या भावंडांची नावे, वये आणि ती कुठल्या गावी चालली आहेत, हेही टिपून घ्या आणि अंगणवाडीताईंना द्या. पाळणाघर कुठे उभारायचे, ते त्या यादीवरून कळेल.

लाह आपोआप जमत नाही. कुणीतरी उठून हाक घालावी लागते. ती हाक, श्रोतेहो, आपणच घालू या.