पहिल्या भेटीत न मिसळणारे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "तू जमिनीत धूर सोडतोस म्हणे! कशाला रे?" उत्तर थोडक्यात देतो. विज्ञानाचे सर समोरच बसले आहेत, चुकलो तर उभं करतीलच.

जमिनीखाली खनिज तेलाचं तळं नसतं. सच्छिद्र खडकाच्या बारीक छिद्रांत ते साठलेलं असतं. आधी ते स्वतःच्या दाबाने वर येतं, पुढे पाणी सोडून ढकलावं लागतं. तरीही पुष्कळदा अर्ध्याहून जास्त तेल खडकातच राहतं, कारण पाणी तेलात मिसळत नाही.

तिथे कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. 31 अंश सेल्सिअस आणि हवेच्या सुमारे 73 पट दाब यांच्या वर तो धड वायू नसतो, धड द्रवही नसतो. तो तेलात शिरला की तेल फुगतं, पातळ होतं. त्याच वेळी तो तेलातले हलके घटक स्वतःत ओढून घेतो. ते घेऊन पुढच्या तेलाला भेटतो, आणखी घेतो. असं होत होत दोघांमधली सीमाच नाहीशी होते. मात्र दाब एका किमान मर्यादेच्या वर हवा. ती मर्यादा तेलागणिक आणि तापमानागणिक बदलते.

नोकरीच्या सुरुवातीला मी प्रयोगशाळेत हेच तपासायचो. वाळू भरलेली लांब, बारीक, वेटोळी नळी. तिच्यात तेल भरायचं आणि मागून वायू सोडायचा. पहिल्याच चाचणीत वायू तेलाला मागे टाकून निघून गेला. मी अहवालात लिहिलं, 'मिसळत नाही.' वरिष्ठांनी कागद परत केला. म्हणाले, "किती दाबांवर पाहिलंस?" एकाच! मान खाली घालून परत गेलो. दाब वाढवत गेलो, तेव्हा चौथ्या खेपेला नव्वद टक्क्यांहून अधिक तेल बाहेर आलं. माझ्या घाईने एका चांगल्या तेलाला नापास केलं होतं.

कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्रात 2000 सालापासून हे मोठ्या प्रमाणावर झालं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड सुमारे 320 किलोमीटर नळातून तिथे नेला. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा खाली सोडतात, बराचसा खडकातच राहतो. पण मित्राचा टोमणा अगदीच खोटा नाही. काढलेलं तेल शेवटी जळतं आणि त्याचा धूर होतोच. हा हिशेब माझ्या मनात अजून पुरता जुळलेला नाही.

पाचवीत खेड्यातून आलो, तेव्हा मीही कोणात मिसळत नव्हतो. मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचो. पण तुम्ही पहिल्या दिवशीच माझा अहवाल लिहून टाकला नाहीत. रोज बोलावत राहिलात, आणि सर, तुम्ही रोज प्रश्न विचारत राहिलात. तोही दाबच होता! म्हणून आज इथे उभा आहे.