फांशीचा दोर व गरीब माणूस



फांशीची शिक्षा कायद्यांत कशी आहे व ती देतांना इतकी सावधगिरी कां, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मनुस्मृतींत जात पाहून दंड होता. जेथें इतरांना देहान्त, तेथें ब्राह्मणाला नुसतें मुंडन. १८६० च्या दंडसंहितेनें खुनाला फांशी अगर जन्मठेप सांगितली, मग खुनी कोणीहि असो. १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत फांशी न देणाऱ्या न्यायाधीशालाच कारणें लिहावीं लागत. १९७३ च्या कायद्यानें तें उलट केलें : फांशी द्यावयाची तर खास कारणें लिहा. १९८० सालीं सुप्रीम कोर्टानें बच्चनसिंग खटल्यांत ठरविलें कीं, जन्मठेप हा नियम व फांशी हा अगदीं विरळा अपवाद. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि खुनाला याच दोन शिक्षा आहेत.

एवढी सावधगिरी कां? घेतलेला दंड परत देतां येतो, तुरुंगांतला माणूस सोडतां येतो. फांशी दिलेला माणूस परत येत नाहीं.

ही नुसती कल्पना नव्हे. २००३ सालीं नाशिक जिल्ह्यांत दरोडा पडून खून झाले. भटक्या जमातींतील सहा गरीब माणसें धरलीं गेलीं. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें सहाहि जणांना फांशी ठरविली. २०१९ सालीं त्याच कोर्टानें फेरविचार करून सर्वांना निर्दोष सोडलें व प्रत्येकीं पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम सरकारला केला. साक्षीदारानें आरंभीं फोटोंवरून दुसऱ्याच चौघांना ओळखलें होतें. तो धागा सोडून दिला गेला होता. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला असता, तर ते पांच लाख कोणाच्या हातावर ठेवले असते?

म्हणून ध्यानांत धरा. आरोपीला वकिलाचा हक्क आहे; ऐपत नसेल तर विधि सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. सेशन कोर्टाची फांशी हायकोर्टानें कायम केल्यावांचून अमलांत येत नाहीं. पुढें सुप्रीम कोर्ट, आणि शेवटीं राज्यपाल व राष्ट्रपति यांच्याकडे दयेचा अर्ज. पण गरिबाचा खटला बिघडतो तो आरंभींच. गांवांतला कोणी धरला गेला तर ‘पोलिसांनीं धरला म्हणजे केलेंच असेल’ असें म्हणून घरीं बसूं नका. त्याला वकील मिळाला कीं नाहीं, हें आधीं जाऊन पाहा. खुनी सुटूं नये हें खरेंच. पण त्याच्या जागीं निरपराधी लटकला, तर खरा खुनी मोकळाच राहतो.