पोटाच्या तक्रारी, कोरोना आणि आपली स्वच्छतागृहे
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



यंदाच्या जमाखर्चात 'स्वच्छतागृहे व मलनिस्सारण वाहिन्यांची दुरुस्ती' ही मोठी रक्कम पाहून अनेकांनी विचारणा केली. यंत्र घेतले तर त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते, जमिनीखालच्या नळावर कोणाचे नाव कोरणार, असे एका हितचिंतकांनी विनोदाने म्हटलेही. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. रुग्णालयातील डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेवढेच मांडतो.

२०२० च्या पावसाळ्यात आपल्या प्रवेशद्वारावर प्रत्येकास तीन प्रश्न विचारले जात: ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का? एक वृद्ध माता जुलाब व उलट्यांनी थकून आल्या. तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशी आली. त्यांना सर्वसाधारण कक्षात दाखल करून सलाइन लावण्यात आले. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली आणि तपासणीत कोरोनाचे निदान झाले. तोवर त्याच कक्षातील इतर रुग्ण, परिचारिका व सफाई कर्मचारी त्यांच्या सहवासात आले होते. कक्ष बंद करावा लागला. त्या माता सुदैवाने बऱ्या होऊन घरी गेल्या. परंतु प्रश्नावली आमच्या कार्यालयाने तयार केली होती आणि तिच्यात पोटाचा प्रश्न नव्हता, ही चूक आमची होती.

वस्तुतः खूण आधीच मिळालेली होती. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये आढळलेल्या पहिल्या रुग्णास मळमळ, उलट्या व जुलाब झाले होते आणि त्याच्या विष्ठेतही विषाणू सापडला होता. कारण असे की, ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून हा विषाणू पेशीत शिरतो, ते लहान आतड्याच्या अस्तरात विपुल असते. हाँगकाँगच्या संशोधकांनी त्याच वर्षी चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा सुमारे १८ टक्के रुग्णांना पोटाच्या तक्रारी असल्याचे दिसले.

त्याआधीचा धडा २००३ सालचा आहे. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची बाधा झालेला व जुलाब होत असलेला एक पाहुणा उतरला होता. न्हाणीघराच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यातील पाणी अनेक घरांत सुकलेले होते. चौकशीत असे अनुमान निघाले की, सांडपाण्याच्या नळातील दूषित तुषार त्या वाटेने, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांच्या ओढीमुळे, घरांत शिरले. ३०० हून अधिक रहिवासी बाधित झाले आणि ४२ जण दगावले. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी असते, तर ती वाट बंद राहिली असती.

आता रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी दोन शब्द. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२२ मधील अभ्यासात सौम्य व मध्यम आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या विष्ठेत पहिल्या आठवड्यात विषाणूचे जनुकीय अंश आढळले. चार महिन्यांनंतरही सुमारे १३ टक्क्यांत, तर सात महिन्यांनंतर सुमारे ४ टक्क्यांत ते होते. हे आकडे ऐकून घाबरू नये. अंश सापडणे म्हणजे जिवंत, संसर्गक्षम विषाणू सापडणे नव्हे. विष्ठेतून जिवंत विषाणू क्वचितच मिळाला आहे. कोरोनाचा प्रसार मुख्यत्वे श्वासावाटेच होतो. त्या दिवसांत चाळीतील सामाईक शौचालय वापरू देणार नाहीत, या भीतीने बरा झालेला एक तरुण कामगार घरी जाण्यास तयार नव्हता. त्याला भक्कम शब्दांत धीर देण्याइतके ज्ञान तेव्हा आमच्यापाशी नव्हते, याची खंत वाटते.

कोरोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी मे २०२३ मध्ये संपली, विषाणू मात्र राहिला. म्हणून प्रवेशद्वारावरील प्रश्नांत जुलाब व उलट्यांची चौकशी कायम ठेवली आहे. अशा रुग्णास जलसंजीवनी वा सलाइन देतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने कोरोनाची तपासणी होते आणि त्याला शक्यतो स्वतंत्र शौचालय दिले जाते. तडे गेलेले नळ बदलले आहेत. वापरात नसलेल्या प्रत्येक न्हाणीत ठरलेल्या दिवशी पाणी ओतून वहीत सही केली जाते. प्रत्येक बेसिनपाशी साबण असतो; या विषाणूचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते. ही काळजी कावीळ, विषमज्वर व पटकी यांनाही आवर घालते, तेव्हा हा खर्च केवळ एका साथीसाठी नाही.

हातमोजे चढवून हे काम नित्य करणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांचे ऋण आम्ही येथे नोंदवितो. दोन मजल्यांवरील वाहिन्यांचे काम अद्याप शिल्लक आहे. त्या कामावर नामफलक लागणार नाही. तरीही आपला मदतीचा हात तिकडे वळावा, ही नम्र विनंती.