रिपोर्टमधला ‘हाय’ आकडा: एएलपी नक्की सांगते काय?

समजा, तुमच्या १४ वर्षांच्या भावाचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. सगळं नॉर्मल, फक्त एका ओळीत ‘अल्कलाइन फॉस्फटेज ३२०’ आणि शेजारी ‘हाय’. ती ओळ लिव्हरच्या टेस्टमध्ये असते, म्हणून आई घाबरते. काका लगेच लिव्हर साफ करणारा काढा सुचवतात. जरा थांबा.

अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी, हे एक एन्झाइम आहे. ते लिव्हरमध्ये पित्ताच्या नळ्यांपाशी असतं, तसंच हाडं बनवणाऱ्या पेशींतही असतं. हाडं कडक होण्यात त्याचा हात असतो, हे रॉबर्ट रॉबिसन यांनी लंडनमध्ये १९२३ साली मांडलं होतं.

मोठ्या माणसांत साधारण ४० ते १३० युनिट नॉर्मल धरतात. लॅबनुसार थोडा फरक पडतो. पण उंची वाढायच्या वयात हाच आकडा दुप्पट-तिप्पट असू शकतो. रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापलेली असेल, तर धडधाकट मुलगाही ‘हाय’ दिसतो! गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही एएलपी वाढते, कारण ती वारेतूनही येते.

मग ती लिव्हरची की हाडांची, हे कसं कळणार? डॉक्टर बऱ्याचदा जीजीटी नावाची टेस्ट सांगतात. तीही वाढलेली असेल, तर संशय लिव्हर किंवा पित्तमार्गावर, मग सोनोग्राफी. जीजीटी नॉर्मल असेल, तर नजर हाडांकडे वळते. मग कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व तपासतात. एवढं ऊन असूनही आपल्याकडे ‘ड’ची कमतरता सर्रास आढळते.

म्हणजे दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, असं असेल तर पित्ताची वाट खड्याने किंवा आणखी कशाने अडलेली असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हाडं सतत दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत ताकदच वाटत नसेल, तर तेही सांगा.

आणि तो काढा? काही काढ्यांनी आणि सप्लिमेंट्सनी चांगल्या लिव्हरलाही इजा होते. आकडा दिसला की आधी विचारायचं: वय काय, त्रास काय, जीजीटी किती? औषधाचं नंतर.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका.